कापडी हुडाची गाडी, सोलापूर: प्रकल्प नोंदी

14 नोव्हेंबर 2023, पाडवा

गाडी घरी आली. फोर-बाय-फोर, डिझेल, मॅन्युअल गिअर आणि हातानं दुमडायचं कापडी हूड. कंपनीचं नाव या नोंदींत येणार नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या नावाचीच होते, आणि मला लिहायचंय ते छपराबद्दल. कारखान्यात माझं काम चेकिंगचं. टॉवेल टेबलावर आला की डाग, तुटलेला ताणा (उभा धागा), निसटलेली किनार बघायची आणि रजिस्टरला चढवायचं. या मालालाही तेच रजिस्टर.

हूड उघडायची पद्धत अशी. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीला डावीकडं-उजवीकडं एकेक खटका आहे, ते आधी सोडायचे. मग बाजूच्या आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांच्या चेन ओढायच्या, वेल्क्रो सोडायचं, खिडक्या काढून सपाट ठेवायच्या. शेवटी नळ्यांचा सांगाडा दोन्ही हातांनी मागं लोटायचा. शोरूमच्या पोरानं हे इतक्या घाईनं करून दाखवलं की कापडाची एक घडी दोन नळ्यांच्या मध्ये चिमटली. मी परत उघडायला लावलं. "मॅडम, थोडं चालतंय की ओ." नाही चालत. कापड एकदा जिथं चिमटतं तिथंच पुढं विरतं.

नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एवढे पैसे मोजलीस आन् वर पत्रा नाही दिले व्हय?" आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. हळदी-कुंकवाची बोटं मात्र हुडापाशी जाऊन थांबली. कापडावरचा हळदीचा डाग म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. बॉनेटवर स्वस्तिक काढलं.

17 नोव्हेंबर

सूत मोजायचं भिंग घरी आणलं. मागच्या फडक्याच्या आत एके ठिकाणी कापलेली कच्ची कड सापडली, तिथं विण दिसते. पॉलिस्टरचं साधं विणकाम, ताण्याला बाण्यापेक्षा (आडव्या धाग्यापेक्षा) दाट सूत, वरून काळ्या व्हिनाईलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर. म्हणजे ताकद सुताची आणि पाणी अडवायचं काम थराचं.

परदेशी महागड्या ओपन गाड्यांचं हूड वेगळं असतं. त्यात तीन पदर: बाहेर अ‍ॅक्रिलिकचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. त्या अ‍ॅक्रिलिकचा रंग सूत तयार झाल्यावर चढवलेला नसतो. धागा ज्या रसातून निघतो त्या रसातच रंग घातलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं उन्हात राहूनही तो उडत नाही. आम्ही सूत आधी रंगवून मग विणतो. चादर घरात राहते, तिला तेवढं पुरतं.

व्हिनाईलचा स्वभावही लिहून ठेवते. ते मुळात कडक असतं. लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, आणि उन्हानं तेच हळूहळू निघून जातं. मग कापड तडकतं आणि प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडते. थिनर, स्पिरिट, काच पुसायचा अमोनियावाला फवारा, यातलं काहीही खिडकीला लावायचं नाही. थंडीत व्हिनाईल ताठ असताना घडी मारली तर चीर जाते, कडक उन्हात मऊ असताना मारली तर वळी कायमची उमटते. म्हणजे उघडझाप कधी करायची, हे आपल्या हौसेपेक्षा हवा ठरवणार.

19 नोव्हेंबर, रविवार

पहाटे हूड उघडून निघाले. सात रस्ता, पार्क चौक, चार हुतात्मा पुतळे, सिद्धेश्वर तलावाला वळसा, मग पूर्व भागात.

पत्र्याच्या गाडीतून मी हा रस्ता रोजच जाते, पण अशोक चौकाच्या पुढचे माग मला गाडीत कधी ऐकू आले नव्हते. छप्पर नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी खटाखट अंगावर आली. एका बोळाच्या तोंडाशी थांबले. आतल्या चार-सहा मागांत एकाचा ठोका जड होता, धोटा एका बाजूनं जोरात आदळत होता. त्याला ढकलणारा पिकर झिजलेला असणार. गाडीत बसल्या-बसल्या दुसऱ्याच्या कारखान्यातला बिघाड ओळखता येणं हा या गाडीचा पहिला उपयोग, आणि तो कुठल्याही जाहिरातीत नव्हता.

चहाच्या गाड्यावर एकानं दुसऱ्याला विचारलं, "का बे, टप चोरीला गेलं काय हिचं?" दुसरा म्हणाला, "उघडं ठेवायलाच जास्त पैसे घेतात बे." हिशेबानं दुसरा बरोबर आहे.

पन्नासच्या आत वेग असेल तर गाडीत सरळ बोलता येतं. तेवढाच वेग शहरात मिळतो, म्हणून तक्रार नाही.

10 डिसेंबर

धूळ. कंट्रोल पॅनेलवर, सीटच्या शिवणीत, गिअरच्या रबरी बुडख्यात, माझ्या भुवयांत. गाडीच्या तळाला पाणी जायला बुचाची भोकं आहेत. खालची रबरी मॅटिंग काढून पाइपनं धुता येतं, तेवढं बरं.

गाळपाचा हंगाम जोरात आहे. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं उघडी गाडी घेऊन राहायचं नाही. पाचट उडतं, आणि त्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. ओव्हरटेक करायला जागा नसेल तर सरळ थांबून चहा प्यायचा.

खिडकी पुसायचा प्रश्न मात्र आमच्याच धंद्यातला निघाला. प्लॅस्टिकवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीचे कण रेघा मारतात. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग ओलं कापड, तेही न दाबता. आमचेच नॅपकिन टाकाऊ खिडकीच्या तुकड्यावर घासून बघितले. टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या कापडाच्या लूपमध्ये कण अडकून बसतो आणि पुढच्या हाताला तोच ओरखडा काढतो. लूप कापलेला, मखमली अंगाचा माल त्यापेक्षा बरा. सगळ्यात वाईट ठरली ती मुडपलेली किनार. तिथला शिलाईचा पॉलिस्टर दोरा टणक असतो, त्यानं स्वच्छ ओल्या प्लॅस्टिकवरही रेघ ओढली. आता बिनकिनारीचे, मखमली अंगाचे तुकडे वेगळ्या पिशवीत ठेवलेत आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात "गाडी" लिहिलंय. नाहीतर घरातलं कुणीतरी त्यानं ओटा पुसणार.

24 डिसेंबर

नान्नजच्या बाजूला एकांच्या शेतावर हुरड्याला गेलो. बार्शी रोडला सकाळचं धुकं उतरलं होतं. माळढोक अभयारण्याच्या हद्दीशी वेग कमी केला, इंजिन बंद केलं. माळढोक दिसायची आता आशाच करू नये, पण काळविटांचा कळप रस्त्यापासून लांब नव्हता, आणि गवतात कुठंतरी चंडोल ओरडत होता. लेक कुजबुजत म्हणाली, "आपल्याला छत नाही म्हणून ते घाबरत नाहीत का?" मला वाटतं, बंद इंजिनाला घाबरत नसावेत.

भाच्याला मागं रोल बार (गाडी उलटली तर आधार देणारी लोखंडी कमान) धरून उभं राहायचं होतं. बेल्ट लावायचा नसेल तर एसटीनं ये, म्हटलं. बेल्ट नसल्याचा दंड 1000 रुपये, पण मुद्दा तो नाही. उघड्या गाडीत आपल्याला आत धरून ठेवायला पट्ट्याशिवाय दुसरं काहीच नसतं.

शेंगाचटणी, गूळ, रेवड्या, कोवळा हुरडा. येताना मागच्या सीटवर ज्वारीची ताटं उभी करून आणली. छप्पर असतं तर आडवी करावी लागली असती.

13 जानेवारी 2024

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे होम मैदानाकडचे रस्ते बंद, गाडी घरी. मोकळा वेळ वाऱ्यावर खर्च केला.

उघड्या गाडीत वारा समोरून लागतो असं बघणाऱ्याला वाटतं. लागतो तो मागून. समोरच्या काचेवरून हवा उडून जाते, काचेच्या मागं दाब कमी पडतो आणि पुढं गेलेल्या हवेचा काही भाग उलटा वळून सीटच्या मागून आत शिरतो. म्हणून थंडी मानेला वाजते, केस तोंडावर येतात आणि धूळही मागूनच येते. स्टोल कितीही घट्ट बांधला तरी मागचं टोक सुटतं. दारांच्या काचा वर ठेवल्या की निम्मा त्रास कमी होतो.

बाहेरच्या देशांत यावर सीटच्या मागं जाळीचा पडदा लावतात. जाळीच का? भरीव फळी लावली तर तिच्या कडांवर नवे भोवरे तयार होतात. जाळीतून थोडी हवा जाऊ दिली की तिचा जोर मोडतो. वाचताना डोळ्यांसमोर सांगोल्याकडच्या रोपवाटिका आल्या. शेडनेट!

20 जानेवारी

मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून शेडनेट आणलं, पन्नास टक्के सावलीचं. दुकानदार हिरवंच देत होता, "सगळे हेच नेतात ताई." मी काळं मागितलं. हिरवी जाळी उन्हात चमकते आणि आरशातून मागचं नीट दिसत नाही. काळ्या जाळीतून नजर आरपार जाते. मच्छरदाणी आणि खिडकीची काळी जाळी शेजारी धरून बघा, लगेच कळतं.

शिलाई विभागातल्या मावशींनी चारी बाजूंना टॉवेलची किनार-पट्टी मुडपून दिली, कोपऱ्यांना दुहेरी टाके. रोल बारला वेल्क्रोचे पट्टे, खाली सीटच्या हुकांना लवचीक दोऱ्या. मावशींनी विचारलं, "गाडीत काय कोंबड्या ठेवताय का?"

विजापूर रोडला साठच्या वेगानं चालवून पाहिली. मानेचा वारा जवळजवळ गेला. ऐंशीला आवाज तसाच, पण केस जागेवर. नानांना एवढ्या थंडीत उघड्या गाडीत बसवणं हे याआधी शक्य नव्हतं. ते टोपी न काढता बसले, आणि होटगी रोडपर्यंत एकदाही पत्र्याचा विषय निघाला नाही.

11 फेब्रुवारी

तुळजापूर. जाताना हूड बंद, येताना उघडं, मुद्दाम तुलनेसाठी.

बंद हुडानं हायवेला ऐंशीच्या पुढं कापड फडफडतं. नळ्यांच्या मधला भाग फुग्यासारखा वर उचलला जातो, कारण गाडीच्या वरून वेगानं जाणारी हवा त्याला वर ओढते. ताण नीट बसवला तर फडफड कमी होते. मागचे पट्टे ओढून घेतल्यावर फरक पडला. तरी फोनवर बोलणं विसरा. पत्र्याच्या गाडीची सवय असलेल्या माणसानं हायवेसाठी ही गाडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. उघडी ठेवली की आवाज जास्त असतो, पण तो मोकळ्या हवेचा असतो, डोक्यावर बडवणाऱ्या कापडाचा नाही. मला तो कमी खुपतो.

तामलवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला तरी आतला पोरगा वाकून बघत राहिला. मागचा ट्रक हॉर्न देतोय, ह्याचं चाललंय, "ताई, पाऊस आला तर काय करता ओ?" जूनमध्ये सांगते म्हटलं.

नवऱ्याचा प्रश्न जास्त कामाचा होता: छप्पर नसलं तर गाडी वाकत नाही का? साध्या मोटारीत छप्पर हा सांगाड्याचाच भाग असतो, ते कापलं की गाडी ढिली पडते. म्हणून तसल्या गाडीला खालून जादा पोलाद घालावं लागतं आणि वजन वाढतं. आमच्या गाडीची ताकद खालच्या शिडीसारख्या चासीत आहे, छप्पर केवळ सावलीपुरतं. जुन्या विलीज जीपचं तेच होतं. ती आपल्याकडं 1947 पासून जोडली जाऊ लागली, आणि तिला बहुतेक कापडच असायचं.

पत्र्याचं घडीचं छप्परही जुनंच आहे. जॉर्ज पोलाँ या फ्रेंच माणसाच्या आराखड्यावरून पेजो कंपनीनं 1934 मध्ये तशी गाडी काढली. पोलाँ पेशानं दंतवैद्य. दाढा बघता-बघता हे कसं सुचलं असेल देव जाणे. पण पत्रा दुमडून ठेवायला मागं डिकीभर जागा लागते, आणि बिघडला तर सोलापुरात तो दुरुस्त कोण करणार? कापड दुरुस्त करणारे गल्लीगल्लीत आहेत.

16 मार्च

लग्नसराई. नवरदेवाच्या वरातीला गाडी द्या, अशी मागणी नातेवाइकांतून, कारखान्यातून, आणि एकदा पेट्रोल पंपावर अनोळखी माणसाकडून. भाड्यानं तर देता येत नाही, खासगी पासिंग आहे. फुकट द्यायला हरकत नव्हती, पण सजावटवाले हुडाच्या कापडाला टाचण्या मारतात. एक टाचणी म्हणजे पावसाळ्यात एक थेंब. चुलतभावाला होकार दिला, अट एकच: फुलं फक्त रोल बारला, दोऱ्यानं. वरातीत डीजेच्या आवाजानं समोरची काच थरथरत होती. नवरदेव घोड्यावर बसला असता तर बरं, असं माझ्यासकट घोड्यालाही वाटलं असेल.

निवडणुका लागल्यात. त्यामुळं आता दुसऱ्या प्रकारचे फोनही येतात. त्यांना "हूड दुरुस्तीला दिलंय" एवढं उत्तर पुरतं.

21 एप्रिल

पारा चाळिशीच्या बराच पुढं. सकाळी आठनंतर हूड उघडायचा विचारही कुणी करू नये. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही रस्ता खालून भाजतो, म्हणजे उघड्या गाडीत वरून गार आणि पायाशी तवा.

बंद हुडाखाली एसी चालतो, पण कापडाला पत्र्यासारखं अस्तर आणि फोम नाही. ड्रायरसाठीचा तापमापक कारखान्यातून आणून दुपारी काळ्या व्हिनाईलवर रोखला, साठ अंशांच्या पुढं गेला. खिडकीच्या प्लॅस्टिकला बोट लावलं तर चिकट लागतं. या दिवसांत ते काढायचं नाही, दुमडायचं नाही, हातही लावायचा नाही.

उपाय शेवटी गोदामातच मिळाला. पांढऱ्या टेरीचं सेकंडचं थान पडून होतं. एका बाजूला पाइल (लूपचा थर) कमी उतरलं म्हणून मीच नापास केलेलं. ते चौपदरी न करता सलग शिवून घेतलं आणि उभ्या गाडीवर टाकायला सुरुवात केली. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि लूपमधली हवा कापडाला थेट तापू देत नाही. आता दुपारी सीटवर हात टेकवता येतो. एक तोटा: शेजारच्या मांजरीला ही गादी आपल्यासाठीच टाकलीय असं वाटतं. नख्या पांढऱ्या कापडात अडकतात, खालच्या हुडापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तिला राहू दिलंय.

7 मे

मतदान. सकाळी सातलाच नाना-आईला केंद्रावर नेलं, हूड बंद. आईला वर चढायला पायरी उंच पडते, हे दिवाळीच्या पाडव्यापासूनचं तिचं म्हणणं. आज लाकडी पाट बरोबर घेतला. तो आता गाडीतच राहणार.

9 जून

पाऊस लागला. टोलनाक्यावरच्या पोराला उत्तर मिळालं: पाऊस आला की बाजूला थांबायचं, हूड ओढायचं, खटके लावायचे, खिडक्या चढवायच्या, आणि तोवर निम्मं भिजायचं. खिडक्या सोडून नुसतं हूड ओढलं तरी चालत्या गाडीत बरंचसं पाणी वरून निघून जातं. सिग्नलला थांबलं की आत येतं.

रात्रभराच्या सरीनंतर चालकाच्या डोक्याच्या मागं, जिथं दोन पट्टे जोडलेत, त्या शिवणीतून थेंब. कापडातून नाही, सुईच्या भोकातून. सर्व्हिसवाल्यांनी सिलिकॉन भरून दिलं आणि "आता येणार नाही" म्हणाले. सिलिकॉन व्हिनाईलला नीट धरत नाही, घडीच्या जागी तर नाहीच. दोन दिवसांत त्याची साल निघाली.

15 जून

जीपची हुडं शिवण्यात हयात गेलेले एक चाचा आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी शिवण नखानं उसवून दोरा जिभेला लावला, बोटांत पिळला आणि म्हणाले, "ये पूरा पॉलिस्टर है बेटा. ये फुगतच नाही."

कारण माझ्या लगेच ध्यानात आलं. शुद्ध पॉलिस्टरचा दोरा मजबूत, पण पाणी पीत नाही, त्यामुळं सुईचं भोक तसंच उघडं राहतं. तंबू आणि ताडपत्रीला गाभ्यात पॉलिस्टर आणि वरून सुती वेढा असलेला दोरा वापरतात. पहिल्या पावसात सूत भिजून फुगतं आणि भोक आपोआप बुजतं. तसल्या दोऱ्याची रिळं आमच्या स्टोअरमध्ये होती, पोत्यांच्या शिलाईसाठी आणलेली. चाचांनी जुन्या भोकांतूनच नवा दोरा नेला, एकही नवं भोक पाडलं नाही. वरून मेण चोळलं. मजुरी घेताना म्हणाले, सुरुवातीच्या पावसात थोडं ठिपकेल, घाबरू नको.

23 जून

काल जोराचा पाऊस. सुरुवातीला तीन-चार थेंब, मग बंद. आज सकाळी शिवणीवर टिश्यू पेपर दाबून बघितला, कोरडा.

ओलं हूड दुमडायचं नाही, हा पावसाळ्याचा नियम. आत बुरशी धरते आणि तिचा वास टॉवेलच्या गोदामातल्या दमट कोपऱ्यासारखाच असतो, लवकर जात नाही. त्यामुळं सप्टेंबर संपेपर्यंत हूड बहुतेक बंदच राहील. आमच्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच येतो.

चाचांनी दुसरं हूड शिवायचं सुचवलंय, मेणकापडी ताडपत्रीचं, फक्त पावसाळ्यापुरतं. कंपनीचं हूड तेवढे महिने सपाट पसरून माळ्यावर ठेवता येईल. मापं घेऊन गेलेत. खाकी रंगाला आईचा ठाम विरोध आहे, पोलिसांची गाडी दारात उभी राहिल्यासारखं दिसेल म्हणते. हिरवं मिळतंय का, ते चाचा बुधवारी सांगणार आहेत.